मी मित्राला अंगठा दाखवला



इथे मी एरवी रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड अशा विषयांवर लिहितो. आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिणार आहे. एका माणसाच्या आजाराचं लक्षण जवळजवळ पाच महिने रोज सकाळी माझ्या हातात येत होतं आणि एमडी मेडिसिन असूनही मला ते दिसलं नाही. हे दवाखान्यात घडलं नाही, मोबाइलवर घडलं. मोबाइल तुमच्याही हातात आहे, म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

ज्याच्याबद्दल लिहितोय त्या मित्राची परवानगी घेतली आहे. "लिही, पण माझं नाव आणि गाव घालू नकोस," एवढीच त्याची अट.

आम्ही १९८८ साली एमबीबीएसला प्रवेश घेतला. होस्टेलवर तीन वर्षं एकाच खोलीत होतो. पुढे मी एमडी करून कराडला प्रॅक्टिस सुरू केली. तो कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडच्या एका गावात जनरल प्रॅक्टिस करायला गेला आणि तिथलाच झाला. सुरुवातीची काही वर्षं पत्रं चालली. पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळायचं. मग दोघांचीही प्रॅक्टिस वाढली, मुलं झाली, पत्रं थांबली. वर्षातून एखादा फोन उरला.

२०१३ मध्ये आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळे जमलो. त्यातूनच बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. किती आनंद झाला होता सांगू! ज्यांची नावंसुद्धा विसरलो होतो ते रोज भेटू लागले. कोणाची मुलगी डॉक्टर झाली, कोणाचा बायपास झाला, सगळं घरबसल्या कळायला लागलं. हा मित्र मला स्वतंत्र मेसेजही करायचा. रोज सकाळी एक सुप्रभात, सोबत पारिजातकाचा नाहीतर जास्वंदीचा फोटो. चहा घेता घेता मी त्यावर उभा अंगठा पाठवायचो. त्याचं फूल आणि माझा अंगठा, असा आमचा रतीब ठरून गेला होता.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात त्याची बायको कर्करोगाने गेली. मी दहाव्याला जाऊन आलो. तो शांत होता, सगळ्यांची विचारपूस करत होता. मुलगा बंगळुरूला नोकरीला, तो पंधरा दिवस राहून परत गेला. पुढच्या आठवड्यापासून मित्राचं सुप्रभात पुन्हा सुरू झालं. मला बरं वाटलं. म्हटलं, सावरला.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका रात्री त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबांचं काही बरोबर वाटत नाहीये. फोनवर एका शब्दात उत्तर देतात. तुम्ही जरा बघाल का?"

मी म्हटलं, "अरे, रोज सकाळी मेसेज असतो त्याचा. व्यवस्थित आहे तो."

तो जरा थांबून म्हणाला, "काका, तुम्ही त्यांच्याशी बोललात कधी शेवटचं?"

फोन ठेवल्यावर मी आमचं चॅट उघडलं आणि मागे मागे जात राहिलो. फूल, अंगठा. फूल, अंगठा. आठ महिन्यांत दोघांपैकी कोणीही एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. आणि मग माझं लक्ष मेसेजखालच्या बारीक आकड्यांकडे गेलं. जून, जुलैमध्ये त्याचे मेसेज सकाळी साडेसहाच्या आसपास यायचे. नवरात्रापासून वेळा बदलल्या होत्या. ३.५०. ३.२०. ४.०५. ३.१०. रोज.

नवीन पेशंट आला की मी न चुकता विचारतो, "झोप कशी आहे? पहाटे किती वाजता जाग येते?" उत्तर कागदावर लिहून ठेवतो. हा पेशंट तर रोज स्वतःहून वेळ लिहून पाठवत होता.

पहाटेची जाग काय सांगते?

हे जरा समजून घेऊ. चिंता असली की बहुधा रात्री झोप लागायला वेळ लागतो. नैराश्याच्या आजारात बऱ्याच जणांना झोप लागते, पण नेहमीपेक्षा दोन-तीन तास आधी जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. याच वेळी मन सगळ्यात जड असतं. दुपारनंतर थोडं हलकं वाटतं. त्यामुळे संध्याकाळी भेटणाऱ्या लोकांना माणूस ठीकच वाटतो.

पहाटे जाग येणाऱ्या प्रत्येकाला नैराश्य असतं असं मात्र समजू नका. वयानुसार झोप सावध होते. प्रोस्टेट वाढली असेल किंवा साखर वाढली असेल तर लघवीला उठावं लागतं. हृदयाचं काम कमी झालं असेल तर धाप लागून जाग येते. म्हणजे कारण काहीही असो, झोपेची वेळ अचानक बदलली आणि काही आठवडे तशीच राहिली तर विचारपूस करायला हवी. मी ती केली नव्हती.

रविवारी पाटण, कोयनानगर करत घाट उतरलो. दवाखान्याच्या दारावर 'डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत' अशी पाटी होती. ती दिवाळीपासून तशीच असल्याचं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. डॉक्टर घरातच होते. दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा पट्टा दिसला. त्याला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं होतं. वजन नऊ किलोने उतरलं होतं. मधुमेहाच्या गोळ्या त्याने केव्हाच सोडल्या होत्या. ग्लुकोमीटरवर साखर ३८० आली. आजार मनाचा की शरीराचा, असा प्रश्न लोक विचारतात. इथे दोन्ही एकमेकांचा हात धरून चालले होते. मन उतरलं म्हणून गोळ्या सुटल्या, साखर चढली म्हणून वजन घटलं आणि अंगातलं बळ गेलं, आणि बळ गेल्यामुळे मन आणखी उतरलं.

"मला कळवायचं नाहीस का?" मी जरा चिडूनच विचारलं.

तो म्हणाला, "रोज तर कळवत होतो."

मग थोड्या वेळाने म्हणाला, "पहाटे जाग यायची. एवढ्या रात्री फोन कुणाला करणार? मग मोबाइल उघडून बसायचो. तुला फूल पाठवायचो. सात-साडेसातला तुझा अंगठा यायचा. म्हटलं, चला, कोणीतरी आहे."

आपल्या मराठीत अंगठा दाखवणे म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. गरजेच्या वेळी नकार देणे. मी आठ महिने रोज सकाळी त्याला अंगठाच दाखवत होतो आणि तरीही त्याला त्यात आधार वाटत होता. यातलं काय खरं, हा विचार मी घाट चढताना करत होतो आणि अजूनही करतो. मला वाटतं, दोन्ही खरं आहे.

दोष मोबाइलचा का?

हा किस्सा ऐकून कोणी म्हणेल, "बघा, सोशल मीडियाने माणसं तोडली." मला ते पटत नाही. २०१३ चा ग्रुप नसता तर आम्हा दोघांत ते फूलही उरलं नसतं. मोबाइलमुळेच नैराश्य येतं असं सरसकट म्हणणंही शास्त्राला धरून नाही. त्याचं नैराश्य बायकोच्या जाण्यातून आणि एकटेपणातून आलं होतं.

मग बिघडतं कुठे? थोडं मागे जाऊन पाहू. ऑर्कुट आणि फेसबुक ही दोन्ही २००४ सालची. व्हॉट्सॲप २००९ मध्ये आलं आणि फेसबुकवरचं लाइकचं बटणही त्याच वर्षी आलं. २०१६ पासून आपल्याकडे इंटरनेट स्वस्त झालं आणि हे सगळं वाडीवस्तीपर्यंत पोचलं. लाइकच्या बटणाने एक मोठी सोय केली. काहीही न बोलता उत्तर देता यायला लागलं. हीच सोय माझ्या अंगाशी आली.

पूर्वीच्या पोस्टकार्डात जागा थोडी असायची, पण माणूस त्यात दिसायचा. अक्षर वाकडं आलं, शाई सांडली, चार ओळींऐवजी दोनच लिहिल्या, तर वाचणाऱ्याला शंका यायची. फोनवर आवाज पडलेला कळतो, दोन वाक्यांमधली शांतता कळते. तयार फुलाच्या चित्राला यातलं काहीच नसतं. सुखी माणसाने पाठवलेलं फूल आणि तीन रात्री न झोपलेल्या माणसाने पाठवलेलं फूल अगदी सारखं दिसतं. पण ते मिळालं की आपल्या मनात मात्र 'भेट झाली' अशी नोंद होते. प्रत्यक्ष भेटीची भूक मरते. जेवणाआधी बिस्किटं खाल्लेल्या मुलासारखं होतं. पोट भरलेलं वाटतं, पोषण झालेलं नसतं.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत मिळून तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांचे नातेसंबंध घट्ट होते त्यांची त्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली. रक्तदाबाची गोळी मी आग्रहाने देतो. नात्यांबद्दल मात्र मी पेशंटला क्वचितच विचारत असे.

दुसरा एक अभ्यास २०१८ सालचा, अमेरिकेतलाच. काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. त्यांचा रोजचा सरासरी तासभर वाचला. त्यातला काही वेळ घरच्यांसोबत आणि मित्रांसोबत गेला, काही एकट्याने टीव्ही बघण्यात. मनाचं समाधान वाढलं, पण थोडंच. म्हणजे फोन दूर ठेवल्याने चमत्कार होत नाही. मोकळ्या झालेल्या वेळात माणूस आला तर फायदा.

हात सारखा फोनकडे का जातो?

स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळणार असेल तर कबुतर भूक लागल्यावरच कळ दाबतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं केलं की ते टोचतच राहतं. आपला फोन असाच आहे. दहा वेळा उघडला तर दोनदा काहीतरी गोड सापडतं. कोणत्या दोन वेळा, ते आधी कळत नाही. म्हणून आपण दहाही वेळा उघडतो.

पहाटे तीनला हे फार महागात पडतं. जाग आली, फोन उघडला, डोळ्यांवर उजेड पडला, दुसऱ्यांच्या सहलींचे आणि लग्नाच्या वाढदिवसांचे फोटो दिसले. मेंदूला वाटतं, दिवस उजाडला. परत झोप येण्याची थोडीफार शक्यता होती, तीही जाते. माझा मित्र रोज याच चक्रात होता. फोनने आजार आणला नव्हता, पण त्याच्या रात्री आणखी लांबवल्या होत्या.

व्हिडिओ कॉलमध्ये पाय दिसत नाहीत

या घटनेनंतर माझ्या ओपीडीतही मला हेच दिसायला लागलं. एक सत्तरीच्या आजी शेजारणीबरोबर आल्या होत्या. मुलगी परदेशात, रोज न चुकता व्हिडिओ कॉल करणारी. मी तिच्याशी बोललो तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, कालच तर बोलले मी. आई ठणठणीत दिसत होती." ती खोटं बोलत नव्हती. चेहरा खरंच बरा दिसत होता. पण आजींचे दोन्ही पाय घोट्यांवर सुजले होते. बोटाने दाबलं की खड्डा पडत होता. रात्री तीन उशा घेऊन झोपायची वेळ आली होती. हृदयाचं काम कमी झाल्याने अंगात पाणी साठत होतं. कळलं कुणाला? शेजारणीला. आजी देवळात जाताना चपलेचा अंगठा घालता येईना म्हणून अनवाणी निघाल्या होत्या, ते तिने पाहिलं.

मुलीची माया कमी नव्हती. पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच तिला दिसत होतं. आणि आई म्हणून आजी तेवढ्या दहा मिनिटांपुरत्या नीट बसून, केस विंचरून हसत होत्या.

काय करता येईल?

मी स्वतः जे करायला लागलो आहे तेच सांगतो.

१. आठवड्यातून एका माणसाला फोन करा. विशेषतः ज्याच्या घरात गेल्या वर्षभरात मृत्यू, निवृत्ती, मोठं आजारपण किंवा मुलांचं घर सोडून जाणं घडलं आहे त्याला. "कसा आहेस?" याला "मजेत" हेच उत्तर येतं. त्याऐवजी "काल दिवसभर काय केलंस? जेवायला काय होतं? झोप कशी लागते?" असं विचारा. खरी माहिती त्यात मिळते.

२. मेसेजची वेळ आणि सवय बदलली का, ते बघा. रोज लिहिणारा गप्प झाला, किंवा दिवसा लिहिणारा पहाटे तीनला लिहू लागला, तर अंगठा पाठवू नका. उजाडल्यावर फोन करा.

३. दूर राहणाऱ्या आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर सांगा, "आई, जरा पाय दाखव. गोळ्यांचं पाकीट दाखव." किती गोळ्या उरल्या यावरून खूप कळतं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. आणि जवळच्या एखाद्या शेजाऱ्याचा नंबर आपल्याकडे असू द्या.

४. झोपण्याच्या खोलीत फोन ठेवू नका. गजरासाठी साधं घड्याळ आणा. पहाटे जाग आली तर फोनऐवजी पाणी प्या, पुस्तक वाचा, देवाचं नाव घेत असाल तर ते घ्या.

५. दोन प्रश्न लक्षात ठेवा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास होतं का? ज्यात एरवी आनंद वाटायचा त्यातली गोडी गेली का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांशी बोला. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. औषधांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणून मध्येच सोडायची नाहीत.

६. समोरचा माणूस फार खचलेला वाटला तर "जगू नये असं वाटतं का?" हे स्पष्ट विचारा. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

७. आणि तुम्हीच रोज फूल पाठवणारे असाल तर एखाद्या दिवशी फुलाखाली एक खरी ओळ लिहा. "झोप लागत नाही रे." एवढी पुरते. आमच्यासारख्या आंधळ्यांनाही ती दिसते.

सहाव्या मुद्द्यातला प्रश्न मी त्या रविवारी मित्राला विचारला. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये तो कितीतरी वेळा विचारला आहे, पण त्या दिवशी शब्द तोंडातून निघेनात. तो बराच वेळ भिंतीवरच्या वहिनींच्या फोटोकडे बघत होता. मग म्हणाला, "कधी कधी." मी त्याच दिवशी त्याला गाडीत घालून कराडला आणलं. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, साखरेची औषधं सुरू केली. मुलगा दुसऱ्या दिवशी आला. तीन आठवड्यांनी त्याला पहिल्यांदा पाचपर्यंत झोप लागली. तीन महिन्यांनी दवाखान्याची ती पाटी त्याने स्वतः काढली. आता सकाळी दोन तास पेशंट बघतो.

रविवारी संध्याकाळी मी त्याला फोन करतो. कधी बोलायला फार काही नसतं. मग तो पावसाचं सांगतो, मी कराडच्या उन्हाचं सांगतो. सुप्रभातही चालू आहे. मी आधी वेळ बघतो, मग फूल बघतो. बहुतेक सहा-पस्तीस असतात.

परवा मात्र सकाळी मेसेज आलाच नाही. सात वाजले, सव्वासात झाले. चहा तसाच ठेवून मी फोन लावला. बऱ्याच वेळाने त्याने उचलला आणि म्हणाला, "अरे, पेशंट बसलेत. नंतर बोलू."